भय हा स्थायीभाव

शिकारी पक्षी जवळून पाहायला मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे, असे छायाचित्रणाची आवड असणारी मंडळी सहसा मानतात. आमचा अनुभव जरा निराळा आहे. शिक्रा, कापशी, खरूची किंवा सर्पगरुड यांच्या जवळ आपल्याला जाता येत नाही हे खरे. पण ते आपल्या जवळ आले आहेत, हे आधी कळू शकते. मात्र ते कळवणारे हे पक्षी नसतात. ज्यांच्यावर त्यांची गुजराण चालते, ते लहान जीव कळवतात. टिटवीचा सूर बदलतो. साळुंक्यांचा कलकलाट मध्येच तुटतो. अंगणातली कोंबडी मान तिरकी करून एका डोळ्याने आभाळ पाहते आणि घशातल्या घशात एक बारीक आवाज काढते; त्याच क्षणी पिले तिच्या पंखांखाली नाहीशी होतात. खेड्यात वाढलेल्या कोणालाही हे दृश्य नवे नाही. घार वर दिसण्यापूर्वी ती खाली कोंबडीच्या मानेत दिसते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाचे गाव सातारा जिल्ह्यातले, दुसऱ्याचे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी भागातले. आठवडाभर एम. ए.च्या वर्गाला साहित्यशास्त्र शिकवावे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करावेत आणि सुट्टीच्या दिवशी दुचाकीला कॅमेरा व तिपाई बांधून माळ गाठावा, असा क्रम गेली बारा-तेरा वर्षे चालू आहे. पक्षिशास्त्राचे आमचे ज्ञान हौशी माणसाचे. परंतु वर्गात ज्या शब्दांचा कीस आम्ही वर्षानुवर्षे पाडत आलो, त्यांपैकी एका शब्दाचा अर्थ आम्हाला माळावर निराळ्या रीतीने उमगला. तो शब्द म्हणजे ‘भय’.

भरताने नाट्यशास्त्रात जे आठ स्थायीभाव सांगितले, त्यांत भय आहे; भयानक रस त्याच्यावर उभा राहतो. अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया उलगडताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले, दुष्यंताच्या बाणाच्या धाकाने पळणारे हरिण उदाहरणादाखल घेतले आहे. त्याचा आशय थोडक्यात असा, की प्रेक्षकाला जाणवणारे भय त्या हरिणाचेही राहत नाही आणि प्रेक्षकाचे स्वतःचेही होत नाही. ते स्थळकाळाच्या बंधनातून सुटते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. वर्गात हे शिकवताना काही अडत नाही. माळावर मात्र भय स्थळकाळातून सुटत नाही. ते याच दगडावर, याच क्षणी, याच सरड्याचे असते.

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात कडुनिंबाची दोन-तीन जुनी झाडे आहेत. एका दुपारी व्हरांड्यातून जाताना खारींचा एकसारखा चिरचिराट ऐकू आला आणि पाठोपाठ सगळे आवार चिडीचूप झाले. ‘सर, हलू नका,’ एवढे तीनच शब्द आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघाले. समोर सात-आठ पावलांवर, अगदी खालच्या फांदीवर शिक्रा बसला होता. छातीवर तांबूस पट्टे, पाठ राखी, डोळे लालभडक, म्हणजे नर. पायात सरडा होता. आमच्याकडे त्याने पुरते दोन क्षण पाहिले आणि आम्ही दखल घेण्याच्या लायकीचे नाही असे ठरवून तो पुन्हा आपल्या कामाला लागला. त्या दिवशीची छायाचित्रे चांगली आली. मात्र आमच्या आठवणीत घर करून राहिली ती त्याच्या आधीची शांतता.

शिकारी पक्ष्याची नजर रागीट असते, असे आपण म्हणतो. छायाचित्र मोठे करून पाहिले म्हणजे या रागाचे रहस्य कळते. बहुतेक ससाण्या-गरुडांच्या डोळ्यावर हाडाची एक पुढे आलेली कड असते. ती डोळ्याला उन्हापासून आडोसा देते आणि झुडपातून झेप घेताना त्याचे रक्षणही करते. आपल्याला मात्र ती आक्रसलेल्या भुवईसारखी दिसते. ज्याला आपण क्रोध समजतो, तो प्रत्यक्षात हाडाचा आकार असतो. कापशीच्या डोळ्यावर ही कड फारशी उठून दिसत नाही, म्हणून तिचा चेहरा आपल्याला भाबडा वाटतो. उंदरांचा अनुभव अर्थातच वेगळा असणार. त्या डोळ्याची खरी करामत आत आहे. माणसाच्या दृष्टिपटलावर अत्यंत स्पष्ट दिसण्याचा एकच खळगा असतो, ससाण्या-गरुडांना प्रत्येक डोळ्यात दोन असतात. असो. सांगायचा मुद्दा असा, की पक्ष्याच्या ठिकाणी आपण जो भाव वाचतो तो पुष्कळदा आपणच तिथे ठेवलेला असतो. भक्ष्याच्या ठिकाणचा भाव मात्र खरा असतो. शिबी राजाच्या कथेत श्येन आणि कपोत दोघेही माणसासारखे युक्तिवाद करतात. पण कपोताने राजाच्या मांडीचा आश्रय घेणे, एवढ्या एका गोष्टीसाठी कवीला कल्पनेची गरज पडली नसावी.

साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरला आणि तिथून पुढे चाळकेवाडीला रस्ता जातो. वर जांभ्याचे लांबरुंद पठार आहे. पावसाळ्यात फुलांनी झाकलेले, हिवाळ्यात पिवळ्या गवताचे आणि उन्हाळ्यात नुसत्या काळ्या-तांबड्या दगडांचे. जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही त्याच्या कड्याच्या टोकाशी पालथे पडून होतो. दरीतून वर चढणारा वारा कड्यावर आपटून उसळतो आणि खरूची त्या वाऱ्यावर स्वार होते. आमच्या समोर, आमच्याच पातळीवर, दहाएक हातांवर ती हवेत थांबली. पंख आणि शेपटी क्षणाक्षणाला वाऱ्याशी जुळवून घेत होते. डोके मात्र खिळ्याला टांगल्यासारखे स्थिर. एरवी शिकारी पक्षी आपल्याला खालून दिसतो, आभाळाच्या पार्श्वभूमीवर काळा. इथे त्याची विटकरी पाठ उन्हात चमकत होती. मग ती थोडी खाली उतरली आणि आम्ही तिला वरून पाहू लागलो. तिची नजर ज्या गवतावर होती तिथे आम्हाला काहीही दिसत नव्हते. थोड्या वेळाने ती दगडासारखी कोसळली आणि वर आली तेव्हा तिच्या पायात नाकतोडा होता.

याच पठारावर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या आहेत. आणि याच पठारावर एक देखणा सरडा राहतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या गटाला नवे कुलनाम दिले, ते आपल्या मराठीतूनच घेऊन : सारडा. चाळकेवाडीच्या जातीचे पूर्ण नाव सारडा सुपर्बा. उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत, नर एखाद्या उंचशा दगडावर चढतो आणि गळ्याखालची पंख्यासारखी पिशवी उघडतो. निळा, काळा, नारिंगी असे रंग त्या रखरखाटात क्षणभर पेटतात आणि मिटतात. तो रंग मादीसाठी असतो, पण तो आभाळातूनही दिसतो. म्हणून प्रत्येक उघडझापीत जिवाची जोखीम असते. मे महिन्यात आम्ही असाच एक नर पाहत होतो. पिशवी अर्धी उघडली असताना तो एकाएकी दगडाला चिकटला, चपटा झाला, जणू दगडातच विरला. आम्ही वर पाहिले नाही; श्वास रोखून कॅमेरा तसाच धरून ठेवला. दगडावरून एक सावली गेली. कापशी आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेली की तिच्या पंखांचा वारा जाणवल्याचा भास झाला.

मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी याच पठारावर केलेला एक अभ्यास २०१८ साली ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची त्यांनी तुलना केली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या आणि त्यांचे हल्ले जवळजवळ एक चतुर्थांशावर आलेले आढळले. साहजिकच तिथे सरडे अधिक होते. वरवर पाहता सरड्यांचे भलेच झाले, असे कोणीही म्हणेल. त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकेही कमी भरली. माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. पण त्याच सरड्यांची अंगयष्टी खालावलेली होती, कारण दाटीमुळे खाण्यासाठी झटापट वाढली असावी. आणि नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके पडले होते.

हे वाचले आणि पठारावरच्या आमच्या जुन्या छायाचित्रांकडे आम्ही पुन्हा वळलो. छायाचित्रकाराची सारी धडपड जवळ जाण्यासाठी असते. दोन हातांवरून सरडा टिपता आला तर तो दिवस सार्थकी लागला असे वाटते. पवनचक्क्यांच्या बाजूला सरडा खरोखरच जवळ येऊ देतो. ही जवळीक म्हणजे विश्वास नव्हे. आभाळ रिकामे झाल्याची ती खूण आहे. पक्ष्याचा धाक सुटला म्हणून आमचाही धाक सुटला. पलीकडच्या, पाती नसलेल्या भागात सरडा दहा पावलांवरूनच दगडाआड होतो, आणि त्याने राखलेल्या त्या अंतरात कापशी, तीसा, सर्पगरुड हे सगळे असतात. स्थायीभाव या शब्दाचा अर्थ आम्हाला इथे नव्याने लागला. जो मनात मुरून राहतो, प्रसंग आला की प्रकट होतो आणि बाकीच्या भावांना आधार देतो तो स्थायी. पठारावरचे भय तसे आहे. ते उठून गेले की मागे सुख उरते असे नाही. रंगही त्याच्याबरोबर उतरतात.

पवनचक्कीला धुराडे नसते, हे आम्ही जाणतो. वीज हवी आणि ती कोळशाविना मिळाली तर उत्तमच. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, माणदेशाच्या अंगाला, हाच प्रश्न पाण्याच्या रूपाने उभा राहतो. आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत हा सगळा कमी पावसाचा, माळांचा मुलूख. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हिवाळ्यात या माळांवर येतात. गवताच्या शेंड्यांवरून वीतभर उंचीने तरंगत जावे, नाकतोडे-उंदीर टिपावेत आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच झोपावे, अशी त्यांची रीत. माळावर मेंढरे राखणाऱ्या एका वयस्क धनगराला आम्ही या पक्ष्याविषयी विचारले. ‘त्ये पाखरू व्हय? दिवाळी झाली की येतंय, शिमग्याला जातंय. गवात हाय तवर येतंय,’ तो म्हणाला. त्याचे शेवटचे वाक्य आम्ही वहीत उतरून घेतले.

टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांचे कृष्णेचे पाणी या तालुक्यांत पोचले, तशी जिथे कुसळे होती तिथे डाळिंब, द्राक्ष आणि ऊस उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळात आमच्यापैकी एकाच्या घरची माणसे खडी फोडायला गेली होती. त्या घरातल्या माणसाने पाण्याला नको म्हणावे, अशी अपेक्षा कोणी करू नये, आणि आम्ही ती करतही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जो माळ उरला आहे त्याला ‘पडीक’ हा शब्द लावणे थांबवावे. भाषेच्या अध्यापकांना एवढा हट्ट धरण्याचा अधिकार असावा. पडीक म्हटले की तिथे काहीतरी उभारणे हे पुण्यकर्म ठरते. मग ती पवनचक्की असो, कारखाना असो, नाहीतर सद्भावनेने लावलेली झाडांची रांग. भोवत्याला झाड नको असते, गवत हवे असते. आणि गवत ही रिकामी जागा नव्हे. कोणाच्या तरी भुकेने आणि कोणाच्या तरी भयाने ती काठोकाठ भरलेली आहे.

अलीकडे आम्ही वहीत एक नवा रकाना आखला आहे. पक्षी, जागा, वेळ यांच्या शेजारी त्या दिवशी सरडा किंवा टिटवी किती पावलांवरून हलली, याची नोंद करतो. अंतर कमी भरले की आनंद होत नाही.

मे महिन्यातले ते छायाचित्र एका प्रदर्शनाला पाठवले होते, ते परत आले. त्यात पक्षी कुठे आहे, असा शेरा त्यावर होता. प्रश्न रास्तच आहे. त्यात दगड आहे, दगडाला चिकटलेला अर्धवट रंगाचा सरडा आहे, आणि कोपऱ्यात एका पंखाची सावली. शिकारी पक्ष्याच्या इतक्या जवळचे दुसरे छायाचित्र आमच्या संग्रहात नाही.