इरलं

इरलं उभ्या माणसासाठी नसतंच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं, आकार पालथ्या होडीसारखा. ताठ उभं राहिलं की पाऊस समोरून तोंडावर येतो. कमरेत वाकलं की मात्र ते पाठीला बरोबर बसतं आणि दोन्ही हात आवणीला मोकळे राहतात. भंडारदऱ्याच्या मागच्या अंगाला, घाटघरच्या वाटेवर आमचं गाव. आषाढात खाचरात वाकलेल्या बायांची तोंडं दिसायची नाहीत. आई कोणती, हे मी इरल्यावरून ओळखायचो.

अकरावीसाठी संगमनेरला निघालो तेव्हा इरलं बरोबर घेतलं. आई म्हणाली, "तिकडं कशाला? तिकडं पाऊस कुठंय?" दिवाळीनंतर ती नारायणगावला मजुरीला जायची, तिकडचं सगळं तिला ठाऊक. मला ते एसटीनं शिकवलं. शेंडीला खिडकीतून पाणी आत, राजूरला रिपरिप, अकोल्याला नुसतं आभाळ आणि संगमनेरच्या स्टँडवर धूळ. ओलं इरलं काखेत घेऊन उतरलो. लोक बघायला लागले. एका टपरीमागे ते टाकून मी सरळ चालू पडलो.

पुढे भूगोल घेतला, पुण्यात विद्यापीठात शिकवायला लागलो. एका मुलाखतीत माझ्या बोलण्यावर कुणीतरी हसलं होतं, तेव्हापासून बोलीही टपरीमागेच. पर्जन्यछाया शिकवताना फळ्यावर लिहायचो : घाटघर, सुमारे 5,000 मिलिमीटर, संगमनेर, जेमतेम 500. "तेथील लोक भातशेती करतात," असंही सांगायचो. तेथील लोक! शिक्षक कसा घडतो यावर उजळणी वर्ग असतात. मीही तीन केले. चहा चांगला होता.

मग एका वर्षी मराठवाड्यातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पाच हजार म्हणजे किती?"

टिपणात उत्तर नव्हतं. मी टेबलापुढे आलो आणि वाकलो. आवण चिखलात कसं खोचायचं, त्याआधी राब कसा भाजायचा, चार महिने चुलीपुढची लाकडं कशी सुकत नाहीत, सगळं वाकूनच सांगितलं. 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण आमच्या उशाला, आणि त्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी जातं श्रीरामपूर-राहुरीकडच्या उसाला. दिवाळीनंतर आम्ही जातो मजुरीला. 'आम्ही' हा शब्द मी वर्गात पहिल्यांदा उच्चारला. वर्गाला ते कळलंही नसेल. माझी पाठ मात्र दोन दिवस दुखत होती.

त्या दिवाळीला गावी जाऊन नवं इरलं विणून घेतलं. विभागातल्या कपाटावर असतं. आता मान्सून शिकवायच्या दिवशी मुलं आळीपाळीनं ते पाठीवर घेतात आणि पहिल्यांदा प्रत्येकजण ताठच उभा राहतो.

पानं झडायला आलीत. गावात इरलं विणणारा एकच म्हातारा उरला आहे. आवणीला बाया आता प्लास्टिकचा कागद पांघरतात.