घास

रमजानचा तिसरा की चौथा रोजा होता. मगरीबची अजान झाली, खालाने खजूर तोंडात घातला आणि तो खाली उतरेना. पाण्याच्या घोटाबरोबर उतरला. "उमर हो गई बेटा," म्हणून ती हसली. पुढं ती खजूर भिजवून खाऊ लागली. ईदला शीरखुर्म्यातलं नुसतं दूध प्यायली. मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवते, दरवर्षी फळ्यावर अन्ननलिका काढते. माझ्याही ध्यानात आलं नाही.

जवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. चार महिने त्यातच गेले. मग जुन्नरहून मंचर, तिथून पुणे. तोवर वाट इतकी अरुंद झाली होती, की दुर्बीण आत जाईना.

खालाने चाळीस वर्षं तव्यावर तंबाखू भाजून मिसरी लावली. दारू हराम, म्हणून आपण निश्चिंत असतो. मिसरीला मात्र घरात कुणी व्यसन म्हणत नाही, ते दात घासणं!

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे. अन्ननलिका त्यात नाही. महात्मा फुले योजना आहे, पण ती रोग सापडल्यावर कामाला येते.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रेबेका फिट्झगेराल्ड यांनी एक सोपी युक्ती काढली. दोरा बांधलेली गोळी गिळायची. पोटात तिचं आवरण विरघळतं, आतला स्पंज फुलतो. नर्स दोरा ओढून तो बाहेर काढते आणि त्याला लागलेल्या पेशी तपासल्या जातात. तिच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. हे वाचून मी हरखले होते. पण ती चाचणी मुख्यतः जुन्या आम्लपित्तातून होणारा बदल शोधते. आपल्याकडं जास्त आढळतो तो तंबाखूशी नातं सांगणारा दुसरा प्रकार. चीनमध्ये त्यासाठी दुर्बिणीतून आयोडीन फवारून गावोगावी तपासण्या झाल्या. बिघडलेल्या जागेवर रंग चढत नाही. म्हणजे स्पंज नुसता आणून भागणार नाही, तो आपल्या माणसांवर पारखावा लागेल, आणि तालुक्याला दुर्बीण लागेलच. बार्शीत १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद होते. मोजता येतं, तर शोधताही यावं.

मौत बरहक आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण ते चार महिने कुणाच्या हिशेबात धरायचे?

गेल्या पालकसभेत गुणपत्रिका वाटून झाल्यावर मी आयांना विचारलं, "घास अडकतो का कुणाला?" सगळ्या हसल्या. निघताना एकजण दाराशी थांबली. म्हणाली, "टीचर, मेरी सास को भाकर नहीं उतरती."