साडेसहाचा फोन

आईशी बोलायचं तर व्हिडिओ कॉलच हवा, असं मी एकेकाळी घरादाराला पटवून दिलं होतं. मानवतच्या घरातला लँडलाईन माझ्याच हट्टापायी निघाला. आज मी आईला रोज साधा फोन लावते, तिच्या बटणांच्या फोनवर. मत का बदललं हे सांगायला मला वेळ लागला, कारण मधली काही वर्षं मी तिच्यावर जबरदस्तीच करत होते.

मी 2001 साली न्यू जर्सीत आले. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्या किराणा दुकानांत कॉलिंग कार्डं मिळायची. नाण्यानं पट्टी खरवडायची, आधी टोल-फ्री नंबर, मग कार्डावरचा लांबलचक आकडा, मग 011, 91 आणि घरचा नंबर. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. भारतातून परदेशी फोन करायचा तर तेव्हा सगळा कारभार विदेश संचार निगमच्या हाती होता. ती मक्तेदारी 31 मार्च 2002 ला संपली आणि 1 एप्रिलपासून नेटवरून फोन करायला आपल्याकडं रीतसर परवानगी मिळाली. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. घंटी वाजली की ती स्वयंपाकघरातून यायची आणि उचलायची.

पुढं स्काईप आलं. त्यात पैसे भरले की थेट घरच्या लँडलाईनला फोन लागायचा. मी इकडं कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर, आई तिकडं रिसिव्हर धरून. माझा आवाज बारीक बारीक तुकडे होऊन नेटवरून जायचा, एखाद्या गेटवेवर साध्या टेलिफोनच्या जाळ्यात शिरायचा आणि आमच्या बैठकीत वाजायचा. तिच्याकडं ना कॉम्प्युटर लागायचा, ना नेट. या व्यवस्थेची खरी किंमत मला तेव्हा कळली नाही. मला ती अर्धवट वाटायची. आवाज येतो, माणूस दिसत नाही, मग भेट कसली?

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. मी हरखून गेले. 2018 च्या जानेवारीत गावी गेले तेव्हा आईसाठी मोठ्या स्क्रीनचा फोन घेतला, दादाला लँडलाईन बंद करायला लावला आणि भाच्याला सगळं शिकवून आले. त्यानंतर रोज आई समोर दिसायची. धुतलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, मागं भिंतीवरचं कॅलेंडर. "मी दिसते का गं?" मी विचारायची. "दिसायलीस की," ती म्हणायची. "बरी आहेस का?" "मला काय व्हायलंय!" पाच मिनिटांत बोलणं आटपायचं. मला वाटायचं, वय झालं, आता ती कमी बोलते.

मग कोरोना आला आणि चार वर्षं जाणं झालं नाही. 2022 मध्ये गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून बहिणीचा व्हिडिओ कॉल यायचा होता. इतकी वर्षं मी तो कॉल पडद्याच्या अलीकडून पाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा पलीकडून पाहिला.

पाच वाजताच आईनं चूल आवरती घेतली. लुगडं बदललं. वहिनीनं ट्यूबलाइट लावली, प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीपाशी सरकवली, समोर डब्यांची उतरंड रचून तिला फोन टेकवला. भाचा ट्यूशनहून यायचा होता; तो आल्याशिवाय कॉल उचलायचा कुणी? आई हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली, लग्नातल्या फोटोला बसतात तशी. कॉल लागला. बहीण बोलत होती, रेंज जाऊन चित्र थिजत होतं, पुन्हा हलत होतं. आणि आई स्क्रीनच्या किंचित डावीकडं, डब्याच्या झाकणाकडं बघून बोलत होती.

रात्री मी तिच्याजवळ निजले. विचारलं, "आई, तुला फोनवर आम्ही दिसतो का?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पांढरा उजेड दिसतो माय. त्यात कुणीतरी हलतंय असं वाटतं. पण तुम्हाला बरं वाटतंय ना, मग काय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. इतके दिवस ती "दिसायलीस की" म्हणत होती ते माझ्यासाठी. मी रोज आईला डोळे भरून पाहत होते आणि तिचे डोळे गेलेले मला दिसले नाहीत.

परभणीला ऑपरेशन झालं, एकेक करून दोन्ही डोळ्यांचं. तिला स्वच्छ दिसू लागलं. मी म्हटलं, आता परत व्हिडिओ सुरू करू. तिनं मान हलवली. "बोलताना हात मोकळे लागतात," म्हणाली. मग मी गावातल्या दुकानातून बटणांचा फोन आणला. मोठे आकडे, मोठा स्पीकर, हिरवं बटण दाबलं की झालं.

परत आल्यावर स्काईपमध्ये पुन्हा पैसे भरले. 5 मे 2025 ला स्काईप कायमचं बंद झालं तेव्हा दुसरी सेवा शोधली, पण अट तीच, फोन तिच्या साध्या नंबरावर लागला पाहिजे. आवाजाला 64 किलोबिट खूप झाले, चित्राला त्याच्या कितीतरी पट लागतात. त्यातून तिच्या टोकाला नेटच नाही, म्हणजे पावसात नेट गेलं तरी निभावतं. फसवणुकीचे फोन वाढले म्हणून अनोळखी नंबर उचलायचा नाही, असं तिला मीच बजावलं होतं, आणि माझा नंबर तिकडं वेगळाच उमटायचा. त्यावर तिचा तोडगा असा, की साडेसहाला वाजला तर ती मीच. म्हणून मी वेळ पाळते. इकडं मार्चात आणि नोव्हेंबरात घड्याळं पुढंमागं होतात. हिवाळ्यात सकाळी आठला लावते, उन्हाळ्यात नऊला. आईचं साडेसहा हलत नाही.

फोन ती जमिनीवर ठेवते आणि तूर निवडत बोलते. खडा ताटलीत टाकल्याचा आवाज मला येतो. खडे पडत राहतात आणि ती सांगत राहते: कापूस किती वेचून झाला, बाजार समितीत काय भाव निघाला, पुढच्या गल्लीतली कोण बाळंतपणाला आली. कधी मधेच आवाज थांबतो, निवडणंही थांबतं, आणि मग वडिलांची आठवण निघते. कॅमेऱ्यासमोर तिनं ती कधी काढली नव्हती. नेटमुळं आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, दोघी एकदम बोलायला लागतो, एकदम गप्प होतो. "बोल," "नाही, तू बोल."

व्हिडिओ वाईट आहे असं मी म्हणत नाही. नातवंडं बघायला दादाच्या फोनवर आई हौसेनं येऊन बसते. पण रोजचं बोलणं तिच्या सोयीनं व्हायला हवं होतं, आणि हे ठरवण्याआधी मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

परवा सकाळी डबा करता करता तिच्याशी बोलत होते. ती वहिनीच्या माहेरचं काही सांगत होती, मी ऐकण्यात गुंगले होते. सांगता सांगता ती थांबली.

"तुझ्याकडं तिसरी शिट्टी झाली. बंद कर आधी कुकर."