अदपाव मैल

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसानं नवीन काय शिकावं, ह्याबद्दल आमच्या गल्लीत मतभेद आहेत. शेजारचे अण्णा प्राणायाम शिकले. समोरचे बापू मोबाइलवर वीजबिल भरायला शिकले आणि आता सबंध गल्लीची बिलं भरतात. मी मात्र मोटारीची ड्रॅग रेस शिकलो. ड्रॅग म्हणजे ओढणे, एवढं इंग्रजी आमच्या घरात सगळ्यांना येतं. त्यामुळे ही बातमी मी प्रथम सांगितली तेव्हा हिनं शांतपणे विचारलं, "म्हणजे गाडी पुन्हा बंद पडली आणि ओढून आणावी लागली, असंच ना?"

झालं असं, की एका रात्री साडेअकराला आक्काचा फोन आला. आमच्या घराण्यात रात्री साडेअकराचा फोन म्हणजे एक तर कुणीतरी गेलेलं असतं किंवा कुणाचं तरी जमलेलं असतं. ह्या वेळी तिसरंच होतं. "अरे, तुझा भाचा रात्री हायवेवर गाड्या पळवतोय! परवा त्याच्या मित्राचा पाय तीन ठिकाणी मोडला. आणि तो पोरगा पळवतसुद्धा नव्हता रे, कडेला उभा राहून बघत होता! तू समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

माझं ऐकणारा माणूस जगात आहे, हे मला त्या रात्री प्रथमच कळलं. त्या आनंदात मी पहाटेपर्यंत कायदा वाचला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 189 वं कलम सांगतं, की सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत लावणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या दिवशी हे सगळं मी भाच्यापुढे खड्या आवाजात म्हणून दाखवलं. त्यानं ते सत्यनारायणाची कथा ऐकावी तसं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मामा, पण ड्रॅग रेस म्हंजे काय, ते तरी तुम्हाला म्हाईत हाय का?"

प्रसाद वाटायच्या वेळी भटजींनाच कथेचा अर्थ विचारावा, तशी माझी अवस्था झाली.

मग त्यानं सांगितलं. दोन गाड्या, सरळ रस्ता, उभ्या जागेवरून सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे 402 मीटर, पळायचं. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्ट पळतात, पण तिथं वळणं असतात. ह्यात वळण नाही, मुक्काम नाही. चहा निवेपर्यंत सगळं संपलेलं. मी म्हटलं, "अरे, हे तर आपल्या संस्थानात पूर्वीपासून होतं. राजाराम महाराजांच्या वेळी पाळीव चित्ते काळविटावर सोडत. डोळ्यांवरची टोपी काढायची, काळवीट दाखवायचं आणि सोडायचं. काही शे यार्डांत निकाल. नाही सापडलं, तर चित्ता दमून खाली बसे."

"नाद खुळा, मामा!" भाचा म्हणाला. गेल्या दहा वर्षांत त्यानं माझ्याशी उत्साहानं बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्या उत्साहावर मी आणखी वाचलं. अमेरिकेतही पोरं असाच रस्त्यावर उच्छाद मांडत. 1951 साली वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली ती ह्याचसाठी, की पोरांचा नाद सुटणार नसेल तर निदान रस्ता तरी सुटावा. लढाईच्या काळातल्या धावपट्ट्या मोकळ्या पडल्या होत्या, तिथं शर्यती लागल्या. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला अशाच जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं मोटारी पळाल्या, आणि लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग रेसही भरल्या. कोल्हापुरालाही उजळाईवाडीला धावपट्टी आहे, पण तिच्यावर विमानं उतरतात, हा तिचा मोठा दोष.

शेवटी मी भाच्याला म्हटलं, "मला शिकव. पण बंद जागेत."

जागा माझ्या एका मित्राच्या ओळखीनं मिळाली. एका साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला होता आणि उसाच्या गाड्या उभ्या राहण्याचं मैदान ओस पडलं होतं. साहेबांची लेखी परवानगी काढली. बत्तीस वर्षं कचेरीत घालवलेल्या माणसाला कागदावाचून करमत नाही. वजनकाट्यापासून मागच्या फाटकापर्यंत सरळ, रुंद डांबरी पट्टा होता. पण पळायला जेवढी जागा लागते, तिच्याहून जास्त थांबायला लागते. ती सोडून मोजलं तेव्हा पाव मैलाऐवजी त्याच्या निम्मेच, 201 मीटर हाती आले. लहानपणी आई अच्छेर साखर नि अदपाव चहा आणायला पाठवी. तेव्हापासून आमच्या नशिबी पुरा पाव कधी आलाच नाही.

गाडी माझीच. मारुती 800, चार गिअरची, 796 सीसी. पहिला धडा गाडी हलकी करण्याचा. डिकीतून दोन छत्र्या, जोतिबाचा नारळ, हिच्या चार पिशव्या आणि 'कुठं गेली, कुठं गेली' म्हणून दोन वर्षं शोधत असलेली चटणीची बरणी निघाली. सगळं उतरवल्यावर भाच्यानं एकवार माझ्या पोटाकडे पाहिलं, पण मामा म्हणून काही बोलला नाही.

दुसरा धडा क्लचचा. मी पस्तीस वर्षं गाडी चालवतो आहे, पण क्लचशी माझा संबंध बँकेतल्या कॅशियरशी असावा तेवढाच होता. भाचा म्हणाला, "मामा, क्लच सोडताना एका जागी गाडी जराशी थरथरती. तिथनं तो पकडतोय. ती जागा पायाला म्हाईत पायजे." इंजिनाला ठरावीक ताव द्यायचा, पाय त्या जागी आणून धरायचा, हँडब्रेक लावलेला ठेवायचा आणि दिवा लागला की दोन्ही एकदम सोडायचे.

पहिल्या खेपेला मी क्लच सोडला आणि गाडी दोन उचक्या देऊन बंद पडली. दुसऱ्या खेपेला जोर जास्त झाला. पुढची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली, धूर निघाला, गाडी मात्र वजनकाट्यापाशीच. "जाळ अन् धूर संगटच!" भाचा ओरडला. मला वाटलं, शाबासकी. ती नव्हती. गाडी सुटताना तिचा भार मागे जातो, आणि मारुतीला ओढणारी चाकं पुढं; ती ऐन वेळी हलकी होतात आणि घसरतात. तिसऱ्या खेपेला मी इतक्या हळुवारपणे सोडला, की क्लच जळाल्याचा वास आला. "मामा, तुम्ही सुटताय का नवरदेव घोड्यावरनं उतरतोय?"

गिअर बदलण्यात मात्र मी चमकलो. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा माझ्या गाडीला नाही, कानानंच ठरवायचं. लवकर बदलला तर इंजिन दमतं, उशिरा बदलला तर नुसतंच किंचाळतं. देवल क्लबात इतकी वर्षं बैठका ऐकल्या, त्याचा उपयोग असा झाला. स्वर चढत चढत जिथं टिपेला लागतो, तिथं दुसरा टाकायचा. दहा-बारा दिवसांत माझी वेळ साडेचौदा सेकंदांवर स्थिरावली. भाच्याची गाडी तेवढंच अंतर पावणेअकरात तोडायची.

"मग आपली शर्यत कशी लागणार?" मी विचारलं.

त्यालाही तोड होती. दोघांनी आपापली वेळ आधी लिहून द्यायची आणि सावकाश गाडीला तेवढी आघाडी द्यायची. मात्र लिहून दिल्यापेक्षा लवकर पोचला, तर तो बाद.

"लवकर पोचला तर बाद?"

"व्हय."

सांगितल्यापेक्षा लवकर काम करणारा बाद! ह्याच तत्त्वावर मी बत्तीस वर्षं नोकरी केली होती. मला एकदम आत्मविश्वास आला. मी पैज लावली: मी जिंकलो तर भाच्यानं रात्री हायवेवर जायचं नाही.

"आणि तुम्ही हरलासा तर?"

"तर 189 वं कलम पुन्हा काढणार नाही."

त्यानं लगेच हात पुढं केला. त्या कलमानं त्याला बराच त्रास दिला असावा.

रविवारी सकाळी शर्यत लागली. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं दोघांसाठी दिव्यांच्या दोन पाट्या केल्या होत्या. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदानं लागतात, मग हिरवा. हिरव्याआधी चाक हललं की लाल, आणि लाल म्हणजे हार. माझे एक मित्र, निवृत्त पी.टी. मास्तर, पलीकडच्या टोकाला झेंडा नि स्टॉपवॉच घेऊन उभे होते. मी 14.5 लिहून दिले, भाच्यानं 10.8. म्हणजे माझा हिरवा लागल्यावर त्यानं 3.7 सेकंद नुसतं बसून राहायचं.

पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा. माझा पाय बरोबर जागेवर सुटला. पहिला, दुसरा, तिसरा. मास्तरांचा झेंडा पडला. 14.7. बाजूला पाहिलं, तर भाचा नाही. आरशात पाहिलं, तर गाडी अर्ध्या वाटेत थांबलेली, आणि मागं सुरुवातीच्या रेषेवर त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेला लाल दिवा जळत होता.

मी परत आलो. तो पाटीपाशी उकिडवा बसला होता.

"थांबायला जमलं न्हाई, मामा. तुमची गाडी पुढं जाताना दिसली आणि पाय सुटला." थोड्या वेळानं खाली बघतच म्हणाला, "त्या रात्री पण मीच आधी सुटलो हुतो. म्हणून दुसऱ्यानं घाईत गाडी काढली आणि ती कडेला गेली."

189 वं कलम माझ्या खिशातच होतं. ते मी काढलं नाही. त्याच्याशेजारी मीही बसायला गेलो. उकिडवं बसणं मला जमत नाही, म्हणून तसाच डांबरावर बसलो. मग आम्ही तिघं मिसळ खायला गेलो, आणि तिथून त्या मित्राच्या घरी. प्लास्टर अजून निघालं नव्हतं. भाचा त्याच्याशी काय बोलला ते मला माहीत नाही. मी बाहेरच्या खोलीत त्याच्या आजोबांना क्लच समजावून सांगत होतो.

आता आम्ही महिन्यातून एकदा, कागद काढून, त्या मैदानावर जातो. भाच्याला अजून दर तीन खेपांत एकदा लाल लागतो. माझंही बरं चाललं आहे. परवा दाभोलकर कॉर्नरच्या सिग्नलला मी हिरव्याची वाट बघत, क्लच जागेवर धरून, एकाग्र बसलो होतो. मागं सतराजण हॉर्न मारत होते. हिनं विचारलं, "काय बघताय एवढं?" म्हटलं, "हिरवा व्हायचाय अजून." ती म्हणाली, "मग हे सगळे कशाला बोंबलताहेत?" "ते सगळे बाद," मी म्हणालो.

आणि काल रात्री साडेअकराला पुन्हा आक्काचा फोन आला. माझ्या पोटात गोळा आला.

"काय झालं?"

"काही नाही रे. दहालाच झोपलाय," आक्का म्हणाली. "पण झोपेत डावा पाय सारखा हलवतोय. डॉक्टरला दाखवू का?"