आईचा प्रश्न

धाकट्या बहिणीला आत्याने आपल्या मुलासाठी मागणी घातली, तेव्हा आईचा सांगलीहून फोन आला. मी बंगळुरूत जनुकशास्त्र शिकतो, "द्यावी का रे?" हा प्रश्न माझ्याकडे येणारच होता.

याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेच्या एन. अप्पाजी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कर्नाटकातील नवजात बालकांच्या रक्तात अमिनो आम्लांचे आनुवंशिक विकार शोधले. त्या वेळी आई-वडिलांचे नातेही नोंदवले गेले. सुमारे एक तृतीयांश जोडपी रक्ताच्या नात्यातली निघाली. त्यांत मामा-भाचीचे विवाहही पुष्कळ होते.

गणित सोपे आहे. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता आते-मामे भावंडांच्या अपत्यात १/१६ असते, मामा-भाचीच्या अपत्यात १/८. ती प्रत सदोष असेल, तर एरवी दडून राहणारा अप्रभावी विकार प्रकट होतो. ब्रिटनमधील ब्रॅडफर्डच्या २०१३ च्या अभ्यासात चुलत-आते-मामे भावंडांच्या विवाहांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्के झालेले आढळले. म्हणजे धोका दुप्पट. तरीही १०० पैकी ९४ बाळे अशा व्यंगाविना जन्मली.

हे सारे मी आईला उत्साहाने सांगितले. पलीकडे शांतता पसरली. मग ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या थोरल्या भावाच्या वेळी आमचंच चुकलं होतं का रे?"

माझे आई-वडीलही आते-मामे भावंडे. थोरला भाऊ सात महिन्यांचा होऊन गेला. निदान झालेच नाही. टक्केवारी सांगताना मी त्याला विसरलो होतो.

"नाही, आई," मी म्हणालो. "सदोष प्रती प्रत्येकाजवळ असतात. त्या कुणी निवडून घेत नाही. परक्या घरात लग्न केलेल्यांचीही बाळे अशी जातात. त्याचे कारण नात्यातच होते, असे आज कुणीही सांगू शकणार नाही."

परंतु बहिणीसाठी ते कारण शोधायला हवे. आनुवंशिकी समुपदेशक आधी घराण्याचा इतिहास विचारतात: कोणते मूल गेले, कोणत्या वयात, कोणत्या लक्षणांनी. आमच्या घरात ज्याचे नाव कुणी काढत नाही, त्याच्याच आजाराची हकीकत आता सर्वांत मोलाची होती. ती ऐकून निर्णय बहिणीने घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी आईने वहीच्या पानावर लिहिलेली वंशावळ पाठवली. माझ्या नावाच्या वर, पहिल्यांदाच, त्याचे नाव होते.