जुने कपडे नकोत

जबलपूरला आमच्या राइट टाउनात कपड्यांची गाठोडी वर्षभर निघत असतात. दिवाळीची सफाई झाली की, मुलीचं लग्न झालं की, घरातलं म्हातारं माणूस गेलं की. त्यामुळे मारहाणीला कंटाळून मुलांसकट घर सोडलेल्या बायकांसाठी कॉलेजची मुलं सामान गोळा करताहेत असं कळलं, तेव्हा बऱ्याच घरांत गाठोडी तयारच होती. मुलांनी मात्र छापील यादी आणली. वरच ठळक लिहिलेलं : पुराने कपड़े नहीं.

सामान ठेवायला त्यांनी आमची खालची खोली मागितली, म्हणून यादी माझ्याकडे राहिली. निवारागृहातल्या एका कार्यकर्तीशी बोलून मुलींनी ती केली होती. नवे आतले कपडे, मापांसह. सॅनिटरी पॅड. बादली-मग. मुलांच्या चपला. फोनचा चार्जर. झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोसाठी रोख पैसे. आणि छोटी कुलपं.

"कुलपं कशाला गं?" मी विचारलं.

"पेटीला, काकू. एका खोलीत चौघी-पाचजणी असतात. प्रत्येकीकडे एक तरी किल्ली नको?"

गाठोडं परत गेल्यावर एक शेजारीण रागावल्या. नेसत्या वस्त्रानिशी आलेल्यांना कसली आलीय आवडनिवड, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातला 'नेसत्या वस्त्रानिशी' हा शब्द अडला. ती बाई तशी आली, कारण रात्री गाऊनवर, कडेला पोर घेऊन निघावं लागलं. तिच्या साड्या कपाटात आहेत, आईनं घातलेल्या पाटल्याही तिथंच आहेत. मुलाचा जन्मदाखला, तिची मार्कशीट, आधार कार्ड, सगळं त्याच कपाटात, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतो. स्त्रीधन आणि तिच्या वस्तू परत करण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट काढू शकतात. पण हुकूम निघेपर्यंत तारखा पडतात. २०१५ पासून देशभर निघालेल्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमधला तात्पुरता मुक्काम साधारण पाच दिवसांचा. तिथून पुढे दुसरा निवारा, दुसरी खोली. या साऱ्या काळात रोज सकाळी आंघोळीला बादली लागतेच. आपण तिला देतो ते तिच्याच घरात अडकून पडलेल्या बादलीच्या बदल्यात, असं मला वाटतं. त्यात दानाचा भाग फार थोडा.

पंडिता रमाबाई १८८७ च्या सुमारास अमेरिकेत पैसा उभा करत होत्या, तेव्हा तिथं 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळं निघाली. सभासद दहा वर्षं दरसाल एक डॉलर द्यायचं वचन देत. कॉर्नेल विद्यापीठातही असं मंडळ होतं. त्या पैशांच्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे आमच्याच मुलखाकडे आल्या आणि कितीतरी विधवांना, मुलींना सोबत घेऊन गेल्या. मला त्यातला दहा वर्षांचा वायदा फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या मुलांची मोहीम दोन रविवारांची. तिसऱ्या रविवारी परीक्षा होती.

फोटो काढायचे नाहीत, हा मुलींचा दुसरा नियम. एक सद्गृहस्थ नवा पंखा घेऊन आले. तो स्वतःच्या हातानं एखाद्या बाईला द्यायचा आणि तसा फोटो हवा, अशी त्यांची अट. मुलींनी निवारागृहाचा पत्तासुद्धा सांगितला नाही. पंखा परत गेला. मी असते तर गोड बोलून ठेवून घेतला असता. जबलपूरच्या मे महिन्यात पंखा परत पाठवायला छाती लागते.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एका मुलीनं मला बाजूला बोलावलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका सुनेनं दोन नवे टॉवेल दिले होते. घडीच्या आत खाकी पाकीट. दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, मुलीचा जन्मदाखला, चार फोटो. "कुठंतरी ठेवा, लागलं तर मागेन," एवढंच ती म्हणाली होती. मुलीनं तिला १८१ हा हेल्पलाइनचा नंबर सांगितला. तो तिला पाठ होता.

टॉवेल गेले. पाकीट माझ्या कपाटात आहे, बटव्यांच्या खाली. ती सून मला गोलबाजारात भेटते, बहुतेक वेळा नवऱ्याबरोबर. कोथिंबीर महाग झाली, यावर आम्ही बोलतो. मधे मी चार दिवस नागपूरला गेले होते, तेव्हा कपाटाची किल्ली त्या कॉलेजच्या मुलीकडे देऊन गेले.