दगड सोडल्यानंतर

हाती केरसुणी घेतलेला पुरुष मी आमच्या पुण्याच्या वाड्यात कधी पाहिला नाही. तो पाहावयास मला उतारवयात कॅनडा गाठावा लागला, हे ऐकून वाचकांस मौज वाटेल. आमचे चिरंजीव तेथील फ्रेडरिक्टन शहरी नोकरीस आहेत. 2025 च्या एप्रिलअखेर आम्ही उभयता त्यांच्याकडे होतो, आणि त्याच सुमारास त्या शहरी कर्लिंग या खेळाचे मिश्र दुहेरीचे जागतिक अजिंक्यपदाचे सामने सुरू झाले. चिरंजीवांनी आम्हांस आग्रहाने तेथे नेले.

सुमारे दीडशे फूट लांबीची बर्फाची पट्टी, आणि तिच्या टोकाशी रंगीत वर्तुळे. या वर्तुळांना तिकडे चक्क ‘घर’ म्हणतात! खेळाडू बर्फावरून घसरत जाऊन सुमारे वीस किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड किंचित पीळ देऊन सोडतो. तो घराच्या मध्यापाशी थांबावा, एवढेच साध्य. दगड सरकत असता त्याच्यापुढचा बर्फ झाडूने जोराने घासतात. झाडू म्हणजे वस्तुतः लांब दांड्याचा ब्रश. घासल्याने बर्फ अधिक निसरडा होतो, आणि वाटेत थांबू पाहणारा दगड आणखी काही फूट पुढे जातो.

एरवीच्या चौघांच्या संघात टाकणारा एक व घासणारे दुसरे. मिश्र दुहेरीत मात्र एक स्त्री व एक पुरुष, एवढाच संघ. डावात पाच दगड. पहिला व शेवटचा एकाने टाकावा, मधले तीन दुसऱ्याने. तिसरे माणूस हाताशी नसल्यामुळे दगड सोडणाराच पुष्कळदा तत्काळ उठतो आणि झाडू घेऊन स्वतःच्याच दगडापुढे धावतो.

हे सामने 2008 साली फिनलंडमध्ये सुरू झाले. 2018 पासून हा प्रकार हिवाळी ऑलिंपिकमध्येही आहे. जोड्यांची नातीही नाना परींची. नॉर्वेचे स्कास्लिएन व नेद्रेगोटेन हे पतिपत्नी. 2024 चे जगज्जेते स्वीडनचे इसाबेला व रास्मुस व्राना हे बहीणभाऊ. स्वित्झर्लंडच्या पेरे व रिओस यांचा तर प्रेमसंबंध संपला होता. तरीही एकत्र खेळून त्यांनी 2018 चे ऑलिंपिक रौप्यपदक मिळविले.

आम्ही पाहिलेल्या एका सामन्यात पुरुषाने सोडलेला दगड घरापर्यंत पोचेना. तो उठून धावला, तीही धावली. दोघे धापा टाकीपर्यंत घासत राहिली. दगड हातभर अलीकडे थांबला. आता कोणीतरी कोणावर तरी खेकसणार, म्हणून मी वाट पाहू लागलो. दोघे निमूटपणे पुढच्या दगडाकडे वळली.

मला 1986 साल आठवले. वरिष्ठांशी मतभेद होऊन एका दुपारी मी राजीनामा देऊन घरी आलो होतो. तत्त्वाचा प्रश्न होता, आणि ती हकीकत मी आजवर चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. घरात वृद्ध आईवडील, शिकणारा धाकटा भाऊ, दोन लहान मुले. दीड वर्ष मला दुसरे काम मिळाले नाही. त्या दीड वर्षात सौभाग्यवतीने पहाटे उठून स्वयंपाक उरकावा, दोन वेळा शिकवण्या घ्याव्या, भावाची फी भरावी. आणि मी वर्तमानपत्र वाचीत बसावे! दगड मी सोडला. बर्फ तिने एकटीने घासला. माझ्या हकीकतीत मात्र शिकवण्या कधी आल्या नाहीत.

परतताना मी तिला विचारले, “कसा काय वाटला खेळ?”

कोटाची बटणे लावीत ती म्हणाली, “बरा आहे की! दगड सोडल्यावर तो माणूस बसून राहत नाही, उठतो. हे मला आवडलं.”

चिरंजीव हसले. मला हसू आले नाही.

अजिंक्यपद पुढे इटलीच्या कॉन्स्टान्टिनी व मोसानेर यांनी मिळविले. आम्ही स्वदेशी परतलो. धाकट्या बंधूंकडे केळवणाला जमलो असता कोणीतरी माझ्या राजीनाम्याची गोष्ट काढली. या खेपेस ती मी शिकवण्यांसकट, फीसकट, शेवटपर्यंत सांगितली. बंधूंनी मान खाली घातली. सौभाग्यवती वाढीत होती. तिने क्षणभर माझ्याकडे वळून पाहिले आणि भाताचे पातेले घेऊन ती पुढच्या पानाकडे गेली. जेवणे झाल्यावर पाने मी उचलली.